धुळ्याला बदाम, जळगावला श्री

(जळगाव, १९९३. दाणाबाजारात कन्हैयालालशेठचं बियाण्यांचं दुकान. वरच्या माळ्यावर त्यांचं कॉम्प्युटरचं ऑफिस. सकाळ. इथे शेठ आणि कुंदा आहेत, धुळ्याच्या ऑफिसात निंबाला फोन लागलेला आहे. फोनला स्पीकर असल्यामुळे तिघांनाही एकमेकांचं ऐकू येतं.)

कुंदा : बदाम? निंबा, नीट बघून सांग. बदाम म्हणजे काय?

निंबा : बदाम म्हणजे बदाम, ताई. पत्त्यातला. त्याच्या आधी एक हसरं तोंड आहे, बारीक. मग बदाम, मग दोन उभ्या रेघा. पुढचं मला वाचताच येत नाही.

कुंदा : आणि तिथे यायला काय पाहिजे?

निंबा : श्रीश्री. इंग्रजी अक्षरांत, दोनदा. तुम्ही दिलेल्या उत्तरात तेच आहे. ते येत नाही म्हणून मशीन नापास छापतं. काल बी तेच, आज बी तेच.

कन्हैयालाल : बघ. मी काय म्हणत होतो? इथे श्री येतं, आणि तिकडे मशीन दात काढतं. कुंदा बेटी, आता पुरे झालं. जेवणाआधी मी पुण्याला फोन करून टाकतो. धुळ्याचं बंद, दुसरं मशीन पाचोऱ्याला पुतण्याकडे. रुपचंदनं जागा पण काढून ठेवलीय.

निंबा : शेठजी, मी ऐकतोय इथे.

कन्हैयालाल : ऐक की. तुझ्यापासून काय लपवायचंय.

निंबा : मी पारोळ्याची शाळा सोडून आलो, शेठजी. पर्मनंट होतो मी. त्यावरून बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. आता कोणत्या तोंडानं परत जाऊ?

कन्हैयालाल : शाळा तुला मी सोडायला लावली नाही. ज्यानं लावली तो माझा मुलगा सुरतेला जाऊन बसलाय.

कुंदा : शेठजी, सुभाषभाऊंचं नंतर बोलू. जेवणाला अजून वेळ आहे. मला बघू द्या.

कन्हैयालाल : केव्हाची बघतेच आहेस. सीधी बात सांग ना. चूक कोणाची? ह्या पोराची, मशीनची, की पुण्यावाल्यांच्या त्या... काय नाव त्याचं?

कुंदा : डिबगर.

कन्हैयालाल : हां, त्याची. मला अजून कळलेलं नाही तो करतो काय ते. पुणेवाले आले तेव्हा मी मान हलवली. सगळे हलवत होते.

कुंदा : तुमच्या दुकानात बियाण्याचं पाकीट असतं ना? वर वाण लिहिलेलं, आत माल. प्रोग्राम चालतो तेव्हा त्याच्याकडे अशी पुष्कळ पाकिटं असतात, पण आपल्याला बाहेरून दिसत नाहीत. डिबगर चालता प्रोग्राम मधेच थांबवतो आणि सांगतो, ह्या पाकिटावर हे वाण, आत हा माल. पुण्यावाल्यांनी नवा डिबगर बनवलाय. तो खरं सांगतो की नाही ते तपासायचं काम आपलं.

कन्हैयालाल : म्हणजे इन्स्पेक्टरची तपासणी.

कुंदा : तसंच. आणि ती हातानं करायची नाही. मी छोटे छोटे प्रोग्राम लिहिलेत. कोणत्या पाकिटात काय निघायला पाहिजे त्याची उत्तरं आधी देऊन ठेवलीत. एक बटण दाबलं की मशीन आपणहून डिबगरला एकेक पाकीट विचारतं, त्याचं उत्तर माझ्या उत्तराशी लावून बघतं आणि पास की नापास ते छापतं. दोन गावच्या दोन मशीनवर सारखं आलं तरच पुणेवाले मानणार.

कन्हैयालाल : आणि सारखं येत नाही.

कुंदा : एका पाकिटाचं फक्त. बाकी सगळं जुळतं.

निंबा : त्याचं वाण पण जुळतं, शेठजी. दहा अक्षरांची जागा, असं इथेही बरोबर सांगतो. आतला माल तेवढा वेगळा.

कन्हैयालाल : मग माल तू बदललास.

निंबा : मी कशाला बदलू? ताईंची फ्लॉपी घातली, बटण दाबलं. मी काईच करं नही, शेठजी. देवनी आन.

कन्हैयालाल : अहिराणीत आला. म्हणजे घाबरला.

निंबा : घाबरणार नाही तर काय?

कुंदा : कोणी घाबरू नका. निंबा, त्या प्रोग्रामात तू काही बदललं असशील, चुकून, तर सांग. मी रागावणार नाही.

निंबा : ताई, तुम्ही पण?

कुंदा : मी विचारलं फक्त.

निंबा : मग मी पण विचारतो. त्या पाकिटात श्री तुम्ही कुठे टाकलंय? मी प्रोग्राम वरून खाली वाचला. पाकीट केलेलं दिसतं, त्यात काही भरलेलं दिसत नाही.

कुंदा : ते नावाचं पाकीट आहे. नाव मी नंतर टाकणार होते. ते राहून गेलं.

निंबा : मग श्री आलं कुठून?

कुंदा : डिबगरनं दाखवलं. रोज तेच दाखवत होता, न चुकता. म्हणून मी उत्तरात तेच घेतलं.

निंबा : म्हणजे डिबगरचं उत्तर डिबगरलाच विचारून घेतलं?

कुंदा : एवढं एकच. मला वाटलं, शेठजींनी पुण्याला सांगून घालून घेतलं असेल. रिकामं असेल तिथे श्री दाखवा म्हणून. इथे दारावर श्री, गल्ल्यावर श्री, बियाण्याच्या पाकिटावर श्री, पंख्याच्या बटणाशेजारी पण श्री आहे. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

कन्हैयालाल : मी? मी कशाला सांगू? मला वाटलं पुण्यावाल्यांनी आपल्या मनानं घातलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. लाडकुंवर म्हणाली, मग माणसं चांगली असणार.

निंबा : मला वाटलं ताईंनी घातलं.

कुंदा : थांबा. म्हणजे तुम्ही घातलं नाही, मी घातलं नाही, पुणेवाल्यांना कोणी सांगितलं नाही.

कन्हैयालाल : मग घातलं कोणी?

कुंदा : मला माहीत नाही, शेठजी. माझं डोकं चालेनासं झालंय.

निंबा : ताई, तुम्ही तिथे एकदा माझ्यासमोर चालवा ना. मी फोन धरून ठेवतो. श्री आलं तर शेठजी म्हणतील ते मान्य.

कुंदा : चालवते. हे बघ, फ्लॉपी आहेच आत. बटण दाबलं. सुरू झालं.

कन्हैयालाल : पंखा थांबला.

कुंदा : लाइट गेली. झालं.

निंबा : काय व्हयनं?

कुंदा : लाइट गेली रे. फोन चालू आहे ना? चालू आहे. तू ठेवू नको.

कन्हैयालाल : ठेवू नको काय? एसटीडी आहे ते. ठेव म्हणावं, मग लाव.

कुंदा : परत लागायला तास जाईल, शेठजी. तुमची जेवणाची वेळ होईल आणि ह्याचा निकाल लागून जाईल. आली, आली. पंखा फिरला. मशीन परत चालू करते.

कन्हैयालाल : सावकाश. श्री होऊ दे आधी.

निंबा : काय होऊ दे?

कुंदा : काही नाही. आमच्याकडे मशीन चालू झालं की पडद्यावर श्री लिहिलं जातं. वर एक, खाली दोन, मग तीन, असं देवळाच्या शिखरासारखं. पडदा भरेपर्यंत चालतं. आज तेवढं थांबायला वेळ नाही.

कन्हैयालाल : ए, तोडू नको! कुंदा!

कुंदा : तोडलं. सॉरी, शेठजी. निंबा लाइनवर आहे.

कन्हैयालाल : अर्ध्यात तोडलं. दोन ओळी पण झाल्या नव्हत्या. दिवाळीपासून असं एकदाही झालं नाही.

कुंदा : हे बघा, तपासणी लावली. पहिलं पास. पास. पास. आता नावाचं पाकीट.

निंबा : आलं श्री?

कुंदा : नाही.

निंबा : काय आलं?

कुंदा : चौकोन. चौकोन. मग उलटं प्रश्नचिन्ह. नापास छापलं.

कन्हैयालाल : इथे पण?

कुंदा : इथे पण.

निंबा : ताई, वाईट मानू नका, पण मला फार बरं वाटलं.

कुंदा : तुला बरं वाटू दे. मला रडू येतंय. मी ह्याच मशीनच्या भरवशावर तुला नापास करत होते. आणि आता हेच असं करायला लागलं. मी काही बदललं नाही, कोणी हात लावला नाही.

कन्हैयालाल : हात लावलास की. श्री तोडलंस.

कुंदा : शेठजी, त्याचा इथे काय संबंध?

कन्हैयालाल : मला संबंध माहीत नाही. तू तोडलंस आणि श्री आलं नाही, एवढं मला दिसतंय. पूजेतलं ताट लाथाडलं तर प्रसाद कुठून मिळणार?

कुंदा : हा पूजेचा विषय नाही हो.

निंबा : ताई.

कुंदा : काय?

निंबा : शेठजी म्हणतात तसं करून तर बघा. काय जातं?

कुंदा : तू पण आता श्री म्हणायला लागलास.

निंबा : मला नोकरी वाचवायचीय, ताई. सांगाल ते म्हणतो.

कुंदा : बरं. मशीन बंद करते आणि परत चालू करते. शेठजी, ह्या वेळी पूर्ण होऊ देते. बघा, सुरू झालं.

कन्हैयालाल : आता कसं. एकेक ओळ वाढते, बघायला किती छान वाटतं. हां, झालं. भरलं. हात जोड.

कुंदा : जोडले. आता लावते तपासणी. पास. पास. पास.

निंबा : नावाचं?

कुंदा : श्रीश्री. पास.

कन्हैयालाल : बघ!

कुंदा : थांबा. मला परत करायचंय. परत तोडून.

कन्हैयालाल : अजिबात नाही. एकदा झालं ते पुष्कळ झालं.

कुंदा : शेठजी, एकदाच. नाहीतर मला खात्री कशी पटेल? ह्या माणसाची नोकरी ह्यावर आहे.

कन्हैयालाल : मी तोंड फिरवतो. मला सांगू नको केव्हा तोडलंस ते.

कुंदा : ...चौकोन. चौकोन. उलटं प्रश्नचिन्ह. नापास. वळा इकडे, शेठजी, झालं.

निंबा : म्हणजे खरंच श्रीनं पास होतं?

कुंदा : होतं. आणि आता मला कळायला लागलंय, थोडं थोडं. निंबा, प्रोग्राम संपला तरी त्यानं वापरलेली जागा कोणी झाडून ठेवत नाही. पुढचा प्रोग्राम येतो आणि त्याच जागेवर बसतो. माझ्या पाकिटात मी काही टाकलंच नव्हतं. म्हणून आधीचा जो बसून गेला, त्याचं पडलेलं त्यात निघालं. इथे मशीन चालू झालं की सगळ्यांत आधी श्री बसतं.

निंबा : आणि इथे माझ्याकडे कोणाचं तरी हसरं तोंड पडलेलं.

कुंदा : कोणाचंही. काही अर्थ नाही त्याला. डिबगर दोन्हीकडे खरं बोलत होता. जे पडलेलं होतं ते सांगत होता. चुकीचं उत्तर मी लिहिलं. निंबाचं काही चुकलेलं नाही, शेठजी. माझं चुकलं. इथे जिकडेतिकडे श्री बघून मला ते आपलंच वाटलं, कुठून आलं ते विचारलंच नाही.

कन्हैयालाल : मला अजून नीट कळलं नाही. पण एक विचारतो. धुळ्याच्या मशीनला श्री का नाही?

कुंदा : ते...

कन्हैयालाल : कंपनी एक, मालक एक. इथे आहे तर तिथे का नाही? निंबा?

निंबा : नाही, शेठजी. पहिल्यापासून नाही.

कन्हैयालाल : का पण?

निंबा : बोलू का, ताई?

कुंदा : बोल. आता काय राहिलंय.

निंबा : शेठजी, तुमच्याकडचं श्री सुभाषभाऊंनी बसवलं ना, लक्ष्मीपूजनाला?

कन्हैयालाल : हां. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही श्री लिहितो, शिखरासारखं. आमच्या बापानं लिहिलं, त्यांच्या बापानं लिहिलं. मी म्हटलं, ह्या डब्याला कुंकू लावतो, पण लिहू कुठे? तर त्यानं ते करून दिलं. रोज आपोआप लिहिलं जाईल म्हणाला. मला आवडलं होतं ते.

निंबा : धुळ्याचं ऑफिस उघडलं त्या दिवाळीला इथेही करणार होते. पण म्हणाले, बाबूजी येतील, हळदकुंकू लावतील, त्यांच्या हातानं पहिलं बटण दाबू आणि मग श्री बसवू. ताट मांडून ठेवलं होतं. नारळ होता, पेढे होते. मी स्टँडवर जाऊन उभा होतो तुम्हाला घ्यायला. जळगावच्या गाड्या येत गेल्या, तुम्ही कोणत्याच गाडीत नव्हता. रात्री त्यांनी ताट उचललं. मला म्हणाले, पेढे तू घरी घेऊन जा. श्री राहूनच गेलं.

कन्हैयालाल : मी जाणारच नव्हतो. मी त्याला सांगितलं होतं, धुळ्याला कशाला दुसरं ऑफिस. ऐकलं नाही.

कुंदा : शेठजी, हे मी बोलायला नको. पण धुळं तुम्हाला नापासच हवं होतं. मला तसं वाटत होतं, आणि मला भीती वाटली म्हणून मी पण निंबालाच विचारत राहिले, तू काय बदललंस.

कन्हैयालाल : पंखा कमी कर जरा.

कुंदा : केला.

कन्हैयालाल : मग आता असं कर. ते श्री धुळ्याला घाल. फ्लॉपीवर पाठव. दोन्हीकडे श्री येईल, दोन्हीकडे पास होईल. पुणेवाले खूश, निंबा खूश.

निंबा : मला चालेल, ताई.

कुंदा : तुला चालेल रे. पण पुण्याच्या मशीनवर श्री नाही. तिथे कोणी बटण दाबलं की परत बदाम निघणार. शेठजी, पाकिटात आधी आपला माल भरायचा. मग तिथे पूर्वी कोण बसून गेलं त्याचा काही फरक पडत नाही. श्री काढायलाही नको आणि घालायलाही नको.

कन्हैयालाल : काढायला नको?

कुंदा : नको. आहे तिथे राहू दे.

कन्हैयालाल : हां. मग ठीक.

कुंदा : निंबा, प्रोग्राम उघड. पाकीट केलंय त्याच्याच खाली एक ओळ घाल. नावात एक शब्द भरायचा. काय भरू या?

निंबा : धुळे भरा ना, ताई.

कुंदा : भर. मी पण इथे तेच भरते. आणि उत्तरात श्री खोडून धुळे लिही. मी ह्या वेळी डिबगरला विचारणार नाही, मला माहीत आहे आत काय आहे ते. झालं तुझं?

निंबा : झालं. दाबू?

कुंदा : दाब. मी इथे श्री तोडून दाबते. शेठजी, तोंड फिरवा.

कन्हैयालाल : फिरवलं.

कुंदा : पास. पास. पास. नावाचं... धुळे. पास.

निंबा : इथे पण धुळे, ताई. पास. बठ्ठं पास. बदाम गया.

कुंदा : ऐकलंत, शेठजी?

कन्हैयालाल : ऐकलं. पुण्याला काय सांगू?

कुंदा : जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सारखं येतंय म्हणून सांगा. चूक आमच्या उत्तरात होती, ती दुरुस्त केली म्हणून सांगा. माझं नाव सांगितलं तरी चालेल.

कन्हैयालाल : नाव कशाला सांगू? आणि रुपचंदला कळवून टाक, पाचोऱ्याची जागा दुसऱ्या कोणाला दे म्हणावं.

निंबा : शेठजी...

कन्हैयालाल : रडू नको. एसटीडी आहे. आणि ऐक, तुझ्या बाबांना सांग, पोरगं पास झालं म्हणून.

निंबा : सांगतो. ते बोलले तर सांगतो.

कन्हैयालाल : न बोलले तरी सांग. आता ठेव.

कुंदा : ठेवला त्यानं.

कन्हैयालाल : कुंदा, एक राहिलं. तुझं ते पास-नापास मला कळलं नाही आणि कळणार पण नाही. पण धुळ्याच्या मशीनला श्री नाही, ते बरं दिसत नाही.

कुंदा : ते सोपं आहे, शेठजी. इथलंच फ्लॉपीवर घेते आणि संध्याकाळच्या गाडीनं पाठवते. निंबा बसवेल.

कन्हैयालाल : तसं नको. ज्यानं केलं त्याला विचारल्याशिवाय कसं घ्यायचं?

कुंदा : सुभाषभाऊंना?

कन्हैयालाल : कामाचंच विचारायचंय.

कुंदा : हो, कामाचंच. सुरतेचा नंबर आहे माझ्याकडे. मीच बोलू का?

कन्हैयालाल : तू लाव. लागला की मला दे.